बाबा, येताना वही आणा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा आणि मी पाच मिनिटं नुसते ओरडत होतो. त्यांना ऐकू येत नाही आणि माझा डावा कान तोफखान्यात राहिला. आई, तू मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगत होतीस. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. आता पत्त्यात फौजेच्या टपालाचं 56 एपीओ नाही, नाशिकचं म्हसरूळ आहे, एवढाच फरक.

आधी एक कबुली. अठ्ठावीस वर्षं मी तुम्हाला एकच पत्र लिहीत आलो: मी मजेत आहे, काळजी नसावी. 1999 च्या जूनमध्ये, कारगिलच्या लढाईत, द्रासहून लिहिलं होतं, ‘थंडी आहे, जेवण चांगलं मिळतं.’ जेवण म्हणजे शक्करपारे आणि चहा, तोही तोफेजवळ उभ्या उभ्या. बोफोर्सचा एक गोळा जवळपास 43 किलोचा. बाबा, आपल्या कांद्याच्या गोणीपेक्षा जरा हलका, पण गोणी टाकून माणूस टेकतो तरी. तिथं एक गेला की दुसरा उचलायचा. 13 जूनला तोलोलिंगचं शिखर घेतलं, 4 जुलैला टायगर हिल. वर पायदळाची पोरं चढत होती, आमचा फायर थांबला की ती उघडी पडणार, एवढंच डोक्यात. रात्री हाताची बोटं मिटायची नाहीत. हे तेव्हा लिहिलं असतं तर तू जेवली नसतीस, आई.

आता दुकानाचं. तू विचारतेस, पेन्शन पुरते ना, मग हा व्याप कशाला? पुरते. पण निवृत्त झाल्यावर जो तो मला एकच काम सुचवत होता, गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर. ज्यांची रँक ठाऊक होती त्यांना मी आयुष्यभर सॅल्यूट केला. गाडीच्या काळ्या काचेला करायला हात उचलला जाईना. पेन्शनचा काही भाग कम्युट करून, म्हणजे आधीच एकरकमी घेऊन, मिळालेल्या पैशातूनच गाळा घेतला आहे, शेताला हात लावलेला नाही, तेवढी काळजी सोडा.

द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या ब्लोअरच्या दुरुस्तीचं काम मात्र जमलं. फळासाठीची गोडी छाटणी उरकली आहे, कोवळा पोंगा फुटतोय, आणि अशात रात्री पाऊस शिंतडला की डाऊनी रोगाच्या धास्तीने पहाटे तीनला फोन सुरू होतात. परवा मोहाडीकडचा एक जण ट्रॅक्टरसकट दारात. पंपाचं प्रेशर चढत नव्हतं. उघडला तर व्हॉल्व्हखाली खडा अडकलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा. नोझल सगळे काढून धुतले, टाकीची जाळी बदलली, दिवस उजाडायच्या आत तो बागेत परत. तोफ पुसल्याशिवाय ताट घ्यायचं नाही ही सवय इथं कामी येते. फळीवर प्रत्येक पान्याची जागा आखलेली आहे, पोऱ्या चुकून दुसरीकडे ठेवतो आणि माझा आवाज चढतो. (तो मला ‘मेजर’ म्हणतो. मी नायब सुभेदार होतो, हे सांगून थकलो.)

अडतं ते पैशापाशी. फौजेत पगार महिन्याच्या महिन्याला, कपडे, बूट, रेशन सगळं मिळायचं, भाव कशाचाच करावा लागला नाही. इथं गिऱ्हाईक ‘साहेब, काहीतरी कमी करा’ म्हणालं की मी लगेच कमी करतो, नाहीतर गप्प होतो. तुमची सून म्हणते, तुम्ही बिल सांगता की चार्जशीट वाचता? एकाकडे 8,400 रुपये अडकलेत एप्रिलच्या छाटणीपासून. मागायला गेलो, त्याने चहा पाजला, पोराच्या भरतीचं विचारलं, आणि मी पैशाचा विषय न काढताच परत आलो.

येताना रस्ताभर पिंपळगावचा बाजार आठवत होता. सुट्टीवर आलो होतो, तुमच्याबरोबर लिलावाला उभा होतो. व्यापारी खराब मालाच्या नावाखाली वजनात किलो-दोन किलो कापत होता आणि तुम्ही पाऊण तास त्याला सोडलं नाही. मी म्हणालो, ‘चार पैशांसाठी काय हुज्जत घालता, लोक बघतायत.’ तुम्ही काही बोलला नाहीत. पावती घडी घालून टोपीत ठेवलीत. संध्याकाळी त्याच व्यापाऱ्याबरोबर तुम्ही चहा घेत होतात, तेही मला तेव्हा कमीपणाचंच वाटलं होतं. बाबा, मी चुकलो. ते मला आज जमत नाही.

तेव्हा मंगळवारी दोघंही या. आठ-पंधरा दिवस गल्ल्यावर बसा. कोणाला उधार द्यायचं, कोणाला हसून नाही म्हणायचं, मी शेजारी उभा राहून बघतो. तुमची ती लाल वही आणा. आई, शेवया आणल्यास तर पोरं खूश होतील. एसटीने आडगाव नाक्याला उतरा, मी गाडी घेऊन थांबतो.

आणि बाबा, कानाचं मशीन डब्यात ठेवून येऊ नका. मीही परवा माझ्या कानाचं माप देऊन आलो आहे.

तुमचा,
थोरला