खारबांधाविना रायगडचा इतिहास अपुरा

संपादक महोदय,

रायगड जिल्ह्याची ओळख करून देणारे बहुतेक लेख किल्ले, समुद्रकिनारे आणि पाली-महडचे गणपती यांवरच आटोपतात. अलिबाग-पेणची खाडीकाठची भातशेती त्यांत क्वचितच दिसते. ही शेतं माणसांनी समुद्राकडून मिळवलेली आहेत. भरतीच्या पाण्याखालच्या खाजणाला बांध घालून ती पिकाखाली आणली. गावचे शेतकरी जोळ करून, म्हणजे घरटी माणूस देऊन, हे बांध राखत. १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चाललेला चरीचा शेतकरी संप याच पट्ट्यातला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसणं बंद केलं. बांध राखायचा, घाम गाळायचा कुळांनी आणि धान्य जायचं खोताच्या घरी, हे लक्षात घेतल्याखेरीज तो संप कळत नाही.

आज हेच बांध जागोजागी खचताहेत. खांड, म्हणजे बांधाला पडणारं भगदाड, एकदम पडत नाही. आधी खेकडे आणि घुशी बांध पोखरतात, मग आतला उतार ओलसर दिसू लागतो. तेवढ्यात बीळ खणून चिकण गाळाने ठासून भरलं तर काम भागतं. दुर्लक्ष झालं की आषाढ-श्रावणातल्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथूनच पाणी फुटतं. दुरुस्तीला खाजणातलाच चिकण गाळ हवा, तोही थराथराने दाबलेला. यंत्राने नुसता मुरूम ओतला की तो गाळाशी सांधत नाही, जोडातून पाणी झिरपतं आणि पुढच्या उधाणात भर वाहून जाते.

उघाडीचंही, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराचंही, तसंच. तिची झडप खाडीच्या बाजूला टांगलेली असते. ओहोटीला शेतातलं पाणी ती बाहेर ढकलून उघडतं, भरतीला खाडीचं पाणी ती मिटवतं. झडपेत फांदी अडकली, फळी कुजली किंवा मासळीसाठी कुणी ती उघडी धरून ठेवली, तर एका भरतीत खारं पाणी शेतात पसरतं. खार धुऊन काढायला मग पावसाळेच्या पावसाळे जातात. पाणी येत-जात राहिलं तर तिवरं रुजतात, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा शेतीत आणणं जवळजवळ अशक्य होतं. बांधाबाहेरची तिवरं मात्र राखलीच पाहिजेत, कारण लाटांचा मार तीच झेलतात.

खारभूमी विभागाने दर उन्हाळ्यात, मे संपण्यापूर्वी, प्रत्येक योजनेची बांध-पाहणी शेतकऱ्यांना सोबत घेऊन करावी आणि उघाड्यांच्या झडपा त्याच वेळी बदलाव्यात. खांड पडल्यावर मंजूर होणारा निधी त्या हंगामाच्या पिकाला उपयोगी पडत नाही. आणि जिल्ह्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी एखादी भरती गाठून बांधावरून चालत जावं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला तिच्याहून सखल भाताची खाचरं, हे त्यांना तिथे उघड दिसेल.

– एक वाचक, अलिबाग तालुका