मँचेस्टरला फक्त स्टेडियम बघून परत येऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या ट्रिपवर पानभर लेख आला होता, लंडन झालं, बाथ झालं, लेक डिस्ट्रिक्टचे फोटो तर अर्धं पान, आणि मँचेस्टरच्या वाट्याला काय तर दीड ओळ. फुटबॉल स्टेडियम आणि शॉपिंग, संपलं. इकडे इचलकरंजीला आपण कौतुकाने महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, पण खरं मँचेस्टर ज्या कापडगिरण्यांमुळे मँचेस्टर झालं त्या बघायला कोणी जात नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा.

आधी माझी चूक सांगते. पहिल्यांदा गेले ती एका टूर कंपनीबरोबर (नाव नको). शहराला मिळाले मोजून दोन तास, त्यातला तासभर स्टेडियमच्या दुकानात टी-शर्टच्या रांगेत गेला. बसच्या खिडकीतून लाल विटांच्या चार-पाच मजली जुन्या इमारती एकामागून एक जात होत्या, गाईडला विचारलं हे काय हो, तर म्हणाला "ओल्ड वेअरहाऊसेस मॅडम" आणि माईकवर लंचची अनाउन्समेंट सुरू. माझे वडील आयुष्यभर गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते, मला त्या विटा बघून पोटात कसंतरीच झालं, पण बस काय थांबत नाही. पुढच्या वर्षी भाचा तिकडे नोकरीला लागला आणि मग पाच दिवस राहून, पायी फिरून, सगळं बघितलं.

सगळ्यात आधी सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम. तिकीट नाही, फुकट, फक्त जायच्या आधी वेबसाईटवर बघून घ्या काय चालू काय बंद ते. तिथल्या कापडाच्या गॅलरीत जुनी मशिनं नुसती काचेआड ठेवलेली नाहीत, माणसं ती चालवून दाखवतात. पिंजलेल्या कापसाचा पेळू, मग त्याचं सूत आणि शेवटी साचा, म्हणजे कापड विणायचा माग. एकच साचा चालू केला हो त्या बाईंनी, एकच, तरी शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. असे शेकडो साचे एका हॉलमध्ये. त्यामुळे लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांच्या मुलखातल्या, विणकर बायकांनी ओठ मोठे मोठे हलवून, हातवारे करून बोलायची आपली एक भाषाच काढली होती, तिला मी-मॉ म्हणायचे, आवाज न काढता खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा. आमचे वडील रिटायर झाल्यावरही घरात ओरडूनच बोलायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, आम्हाला वाटायचं स्वभावच रागीट आहे. ते तिथे उभं राहून कळलं मला, साठीनंतर.

आणि तो धोटा, साच्यात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. त्याच्या टोकाजवळ बारीक भोक असतं, सुताची नवीन कांडी भरली की धाग्याचं टोक त्या भोकातून बाहेर काढायला विणकर सरळ तोंड लावून ओढायचे. तिकडे त्याला म्हणायचे धोट्याचा मुका घेणं. नाव गोड आहे पण तोच धोटा दहा जणांच्या तोंडाला लागायचा, कापसाची धूळ छातीत, दात किडलेले. लँकेशायरमध्ये त्याच्यावर बंदी यायला १९५२ उजाडलं म्हणजे बघा.

याच म्युझियमच्या आवारात लिव्हरपूल रोड स्टेशन आहे, १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली तेव्हाचं. पॅसेंजर गाडीचं टर्मिनस म्हणून जगातलं सगळ्यात जुनं उभं राहिलेलं स्टेशन हेच. बाहेरून बघाल तर साधी दुमजली इमारत, स्टेशन वाटतच नाही. फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लासचे दरवाजे तेव्हाच वेगळे होते! उद्घाटनाच्याच दिवशी विल्यम हस्किसन नावाचे खासदार वाटेत गाडी थांबली म्हणून रुळावर उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या 'रॉकेट' नावाच्या वाफेच्या इंजिनाखाली सापडून गेले. रूळ ओलांडू नका ही सूचना तेव्हापासूनची समजा.

तिथून खाली उतरलं की कॅसलफील्ड, कालव्यांचा भाग. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा शहरात आणायला १७६१ मध्ये कालवा सुरू केला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला म्हणतात. कोळसा स्वस्त म्हणून वाफेची इंजिनं, इंजिनं म्हणून गिरण्या. भाच्याने हे सगळं एका पुलावर उभं राहून मला दोन मिनिटांत सांगितलं, शाळेत आम्हाला औद्योगिक क्रांतीची कारणे पाच लिहा असं होतं, ती पाठ केली नि विसरले. इथे डोक्यावरून रेल्वेचे लोखंडी पूल, खाली कालवा, त्याच्याही शेजारी रोमन किल्ल्याचे अवशेष. बदकं पण आहेत.

आता पोर्टलंड स्ट्रीटवरचं वॉट्स वेअरहाऊस बघा. कापडाचं गोडाऊन हो, पण राजवाड्यासारखं, आणि प्रत्येक मजल्याची धाटणी वेगळी. व्यापाऱ्याला गिऱ्हाईकावर छाप पाडायची होती. आता ते हॉटेल आहे. रॉयल एक्स्चेंज म्हणजे जिथे कापसाचा-सुताचा सौदा व्हायचा तो प्रचंड हॉल, तिथे सौदे १९६८ ला कायमचे बंद झाले आणि शेवटच्या दिवशीचे भाव अजून वर बोर्डावर तसेच आहेत, कोणी उतरवले नाहीत. त्या हॉलच्या मधोमध १९७६ मध्ये थिएटर बसवलं, काच आणि स्टीलचं, एखादं यान उतरल्यासारखं दिसतं, जुन्या फरशीला एवढं वजन पेलणार नाही म्हणून ते हॉलच्या चार मोठ्या खांबांवर पेललंय. नाटक न बघता नुसतं आत जाऊन मान वर करून तो बोर्ड बघा. मी बराच वेळ बघत बसले, आमच्या ह्यांना वाटलं माझी मान अवघडली.

लिंकनचा पुतळा मँचेस्टरमध्ये कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. गोष्ट अशी की अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, गुलामांनी पिकवलेला कापूस यायचा बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. आपल्याकडचा कापूस तिकडे सुरत या नावाने जायचा, पण धागा आखूड, सारखा तुटायचा, कामगार वैतागले होते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या कामगारांनी फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा घेऊन लिंकनला पत्र पाठवलं की गुलामगिरीविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूने आहोत. घरात चूल पेटत नसताना! लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला उत्तर दिलं, त्यातला मजकूर पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलाय. मालकवर्गातले पुष्कळ जण दक्षिणेच्या बाजूने होते हेही खरं, सगळं शहर काही साधुसंत नव्हतं.

तिथून दहा-बारा मिनिटांवर पीटर्लूचं स्मारक. १६ ऑगस्ट १८१९, साठेक हजार माणसं मताचा हक्क मागायला जमलेली, एवढ्या मोठ्या शहराला स्वतःचा एक खासदार नाही, आणि निःशस्त्र गर्दीवर घोडदळ सोडलं. १८ जीव गेले. त्यातला पहिला विल्यम फिल्ड्स, दोन वर्षांचा, धावत निघालेल्या घोडेस्वाराच्या धक्क्याने आईच्या हातातून पडला. स्मारकाला गोल गोल पायऱ्या आहेत आणि त्यावर नावं. माझे गुडघे दुखतात म्हणून मी खालच्या पायरीवरच बसले, व्हीलचेअरवाल्याला तर वर जाताच येत नाही आणि त्यावरून तिकडच्या लोकांनीही चांगलीच ओरड केली. समतेसाठी मेलेल्यांच्या स्मारकावर सगळ्यांना चढता येऊ नये, काय म्हणायचं.

चेथम्स लायब्ररी चुकवू नका, १६५३ ची, गाईडेड टूरनेच आत सोडतात. खिडकीच्या कोनाड्यात एक चौकोनी टेबल आहे, तिथे १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स वाचत बसायचे. एंगल्स स्वतः कापूस गिरणीच्या मालकाचा मुलगा, घरच्या कंपनीत काम करायचा आणि कामगारवस्त्यांवर लिहायचा. त्याने पुढे १८७० मध्ये मार्क्सला लिहिलंय की या खिडकीला रंगीत काचा आहेत म्हणून इथे हवा नेहमी छानच असते. मी गेले तेव्हा बाहेर धो धो पाऊस, आणि खरंच, आत पिवळट ऊन पडल्यासारखं वाटत होतं. पाऊल बाहेर टाकलं की कॅथेड्रल, तिथे गांधीजींचा पुतळा आहे आपल्या राम सुतारांनी केलेला, २०१९ ला बसवला. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने लँकेशायरच्या गिरण्यांना फटका बसला होता आणि १९३१ मध्ये गांधीजी तिथल्या बेकार कामगारांना भेटायला स्वतः गेले होते. त्या शहरात हा पुतळा, मजा आहे की नाही.

आणि हाताशी एक दिवस असेल तर एअरपोर्टजवळ स्टायल गावात क्वॉरी बँक मिल, सॅम्युअल ग्रेगने १७८४ ला नदीकाठी काढलेली. इथे तिकीट आहे, मी म्हणते द्या. अनाथ, गरीब घरची पोरं इथे शिकाऊ म्हणून ठेवायचे, त्यांचं घर अजून आहे, एका पलंगावर दोघं. १८०६ मध्ये जोसेफ सेफ्टन आणि थॉमस प्रीस्टली हे दोघे पळून चालत लंडनला गेले. थॉमस १३ वर्षांचा, त्याचं बोट मशीनमध्ये गेलेलं आणि त्याला आईला भेटायचं होतं. लंडनच्या मॅजिस्ट्रेटपुढे त्यांनी दिलेली जबानी कागदावर आहे म्हणून आपल्याला हे कळतं. बाकीच्यांचं कोण लिहून ठेवणार. मिलभोवतीची बाग फार सुंदर आहे, ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले, लोक मुलांना घेऊन पिकनिकला येतात, आणि तुम्हाला तिथे केक खावासा वाटेना असं होतं. मी खाल्ला, खोटं का बोला.

तेव्हा संपादक साहेब, पुढच्या वेळी इंग्लंडवर छापाल तेव्हा या शहराला निदान एक कॉलम द्या, आणि टूरवाल्यांनीही स्टेडियमबरोबर म्युझियमचे तीन तास घालावेत, त्यांचा एक पाउंड खर्च होत नाही. लंडनच्या यूस्टनहून रेल्वेने सव्वादोन तासांचं अंतर आहे, शहराच्या मधल्या भागात फुकट बस फिरते. छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटी होते, माझ्या दोन गेल्या. टोपीवालं जॅकेट न्या.

आपली,
एक जुनी वाचक