रशियन शिकायचं तर कोड्यांतून, आणि मराठीतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं मी गेली ३२ वर्षं सोडवते आहे. नोकरीत असताना ते रविवारी दुपारी, हातातली कामं उरकल्यावर सुटायचं. आता सकाळच्या चहाबरोबर सुटतं. त्या कोड्याच्या शेजारी चार बोटं जागा मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. जागा कशासाठी, ते सविस्तर सांगायला हवं.

माझी नात रशियातल्या त्व्हेर शहरात डॉक्टरकी शिकते. सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिचं चौथं वर्ष चालू आहे. त्व्हेर हे नाव आम्हा रेवदंड्याच्या माणसांना परकं नाही. तिथला व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन आमच्या शेजारच्या चौल बंदरात उतरला, तिथून जुन्नरला गेला आणि पावसाळा त्याने तिथेच काढला. त्याचा स्मृतिस्तंभ रेवदंड्यात आहे आणि त्व्हेरला व्होल्गाकाठी त्याचा पुतळा आहे. नात पोचली त्याच आठवड्यात त्या पुतळ्यापाशी उभी राहून तिने मला फोन केला होता. निकितिनने वाटेत कानावर पडलेल्या भाषा आपल्याशा केल्या. त्याच्या लिखाणात रशियन वाक्यांच्या मध्येच तुर्की-फारसी शब्द येतात. आमची पोर मात्र गेली ती एका एजंटाच्या शब्दावर: "सगळं इंग्रजीत शिकवतात, रशियनची गरज नाही."

वर्गात गरज नसेलही. पण तिसऱ्या वर्षी मुलं वॉर्डात जाऊ लागतात आणि खाटेवरचा म्हातारा काही इंग्रजी बोलत नाही. तिच्या वाट्याला आलेल्या पहिल्याच आजोबांना तिने विचारलं, पोटात किती दिवस दुखतंय? आजोबांच्या तोंडात दात नव्हते. तिला 'द्वा' ऐकू आलं. द्वा म्हणजे दोन. तिने कागदावर '२ दिवस' लिहिलं. बरोबरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, आजोबा 'द्विनात्सत' म्हणाले होते. बारा दिवस. पोटदुखी दोन दिवसांची की बारा दिवसांची, यावर पुढची सगळी तपासणी ठरते. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आकडा ऐकू आला नाही तर शेपूट ऐक."

त्या रात्री तिचा फोन आला. आमच्याकडे दहा वाजले होते, म्हणजे तिच्याकडे साडेसात. रडत होती. रडणं ओसरल्यावर मी विचारलं, शेपूट म्हणजे काय गं? तर रशियनमध्ये 'दोन दिवस' म्हणताना दिवसाचं रूप होतं 'द्न्या', आणि 'बारा दिवस' म्हणताना होतं 'द्न्येय'. आजोबा शेवटी स्वच्छ 'द्न्येय' म्हणाले होते. द्न्येय ऐकल्यावर आकडा दोन असूच शकत नाही! हा नियम तिला पहिल्या वर्षी शिकवलेला होता, तिने वहीत उतरवून पाठही केला होता. पण इंग्रजीतून लिहिलेला तक्ता पाठ करणं वेगळं आणि कानाला सवय होणं वेगळं. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. विभक्तीचे तक्ते घडाघडा म्हणणारी आणि पत्रात मात्र चुकणारी मुलं मी किती पाहिली आहेत!

म्हणून आम्ही दोघींनी तक्ता बाजूला ठेवला आणि त्याचं कोडं केलं. मला तेव्हा रशियनचा गंधही नव्हता, आणि त्याचाच उपयोग झाला, कारण तिने नियम सांगायचा नाही आणि मी तो शोधून काढायचा, असं ठरलं. तेच कोडं वाचकांसमोर ठेवते. रशियन माणूस आपलं वय सांगताना वर्षाला कधी 'गोद', कधी 'गोदा', तर कधी 'ल्येत' म्हणतो. तो म्हणतो: १ गोद, ३ गोदा, ७ ल्येत, १२ ल्येत, २१ गोद, ३४ गोदा, ४० ल्येत. आता माझं वय ६३. मी काय म्हणायचं? आणि ८१ वर्षांच्या शेजारीणबाईंनी? ११ वर्षांच्या पोराने? १०४ वर्षांच्या एखाद्या पणजीने? पेन्सिल घ्या, पाच मिनिटं द्या. एक अक्षर रशियन येत नसलं तरी चालेल, सुटण्यापुरतं सगळं त्या सात उदाहरणांत आहे.

कोडं सुटलं त्या रात्री मला दुसरी एक गोष्ट कळली. 'ल्येत' हा शब्द मूळचा उन्हाळ्याचा. वय विचारताना रशियन माणूस शब्दशः विचारतो, तुम्हाला किती उन्हाळे? आपण म्हणतो, मी इतके पावसाळे पाहिले. ज्यांच्याकडे वर्षाचा मोठा भाग थंडीत जातो त्यांनी उन्हाळे मोजले, आपण पाऊस मोजला. हे नातीला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ऐकल्यावर तिने तो शब्द पुन्हा कधी चुकवला नाही.

अशा कोड्यांची परंपरा रशियातच मोठी आहे, हे मागाहून कळलं. १९६५ साली मॉस्कोमध्ये शाळकरी मुलांसाठी भाषाशास्त्राची ऑलिंपियाड सुरू झाली. त्यात कधीही न ऐकलेल्या भाषेतली काही वाक्यं अर्थासह द्यायची आणि त्यांवरून मुलांनी त्या भाषेचा नियम शोधायचा. पाठांतराला तिथे जागाच नाही. पुढे २००३पासून ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली आणि २०१६ साली ती आपल्या म्हैसूरला भरली होती. माझ्या शाळेतल्या एकाही मुलाला मी याविषयी सांगू शकले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. याची मला खंत आहे.

मग आमचा रोजचा खेळ सुरू झाला. 'बाल्दा' नावाचा खेळ तिकडे घराघरांत खेळतात. पाच गुणिले पाच चौकटी आखायच्या, मधल्या ओळीत पाच अक्षरी शब्द लिहायचा. पाळी आली की लिहिलेल्या अक्षरांना लागून एकच नवं अक्षर ठेवायचं आणि त्या अक्षराला धरून आडवा, उभा, वळत वळत नवा शब्द करायचा. जितकी अक्षरं तितके गुण. मी गणिताची वही घेते, ती तिकडे तिची. एकदा मध्ये 'श्कोला' होता, म्हणजे शाळा. रशियन लिपीत त्याची पाच अक्षरं होतात: श, क, ओ, ल, आ. मी 'ओ'च्या डोक्यावर 'स' ठेवून 'सोक' केला. सोक म्हणजे फळांचा रस. तीन गुण. तिने 'क'च्या डोक्यावर 'उ' ठेवला आणि उ-क-ओ-ल वाचलं. उकोल म्हणजे इंजेक्शन! चार गुण तिला, आणि तो शब्द मला जन्मभराचा.

लिपीची भीती अशी खेळता खेळता गेली. ३३ अक्षरं आहेत, त्यातली थोडीच फसवी. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'सी'सारखं दिसतं ते 'स', 'एच'सारखं ते 'न', 'बी'सारखं ते 'व'. इंग्रजी सवयीने 'पॉट' वाचाल तो शब्द असतो 'रोत', म्हणजे तोंड. खरं 'प' दिसतं दाराच्या चौकटीसारखं. आकड्यांची चित्रकोडी तर लहान मुलांनाही जमतील. शंभराला म्हणतात 'स्तो' (आपलं शत आठवा), म्हणून १०० लिहून पुढे 'ल' काढला की झालं 'स्तोल', टेबल. सात म्हणजे 'सेम', म्हणून ७ आणि पुढे 'या' की 'सेम्या', कुटुंब. सहा विभक्त्यांची नावं ओळीने लक्षात राहावीत म्हणून तिथली मुलं एक वाक्य घोकतात: इवानला मुलगी झाली, त्याने दुपटं आणायला सांगितलं. मूळ रशियन वाक्यातल्या सहा शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे सहा विभक्त्यांची पहिली अक्षरं.

नातीच्या वसतिगृहाच्या दारावर एक वयस्क बाई बसतात. एका संध्याकाळी त्यांनी तिला कोडं घातलं: "सिदीत देद, वा स्तो शूब अद्येत." आजोबा बसलेत, अंगात शंभर फरकोट, जो त्यांचे कपडे उतरवील तो आसवं गाळील. नातीने कांदा हे उत्तर देताच बाई टाळ्या पिटू लागल्या. मी तिला म्हटलं, परत पाठव एक आपलं. 'पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब' हे तिने मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगितलं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "कुकुरूजा?" मक्याचं कणीस! त्या दिवसापासून बाई तिच्याशी रोज दहा मिनिटं बोलतात आणि तिच्या चुका दुरुस्त करतात. फोनवर भाषा शिकवणारे खेळ आहेत, तेही ती खेळली. शब्द त्यांतून मिळाले, हे मान्य करायला हवं. पण त्यांतलं स्पष्टीकरण सगळं इंग्रजीतून, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे.

मराठी मुलाला रशियन इंग्रजीतून शिकवणं म्हणजे रेवदंड्याहून चौलला मुंबईमार्गे जाणं. रशियनमध्ये 'रुका' म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात आणि 'नगा' म्हणजे मांडीपासून तळव्यापर्यंतचा पाय. आपले हात-पाय तसेच आहेत. इंग्रजीतून जाणाऱ्या मुलाला प्रत्येकाचे दोन दोन शब्द डोक्यात धरून पुन्हा एक करावे लागतात. हाताचं असो की पायाचं, बोट तिकडेही एकच: 'पालेत्स'. 'मला थंडी वाजते' यातला 'मला' इंग्रजीत 'आय' होऊन बसतो. रशियन माणूस म्हणतो 'म्न्ये खोलद्न', आणि म्न्ये म्हणजे 'मला', आपली चतुर्थी. वय सांगतानाही तो 'मला इतकी वर्षं' असंच म्हणतो. 'चाकूने' हा आपला एक शब्द, तसाच त्यांचा 'नझोम' हा एक शब्द. लिंगं तीन इकडे, तीन तिकडे. दारावर बसलेल्या त्या बाईंच्या दाराला ते 'द्वेर' म्हणतात आणि आगीला 'अगोन'. द्वार आणि अग्नी ऐकलेल्या मुलाला हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. एवढी शिदोरी घरी असून आमची मुलं उपाशी जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या माहितीतलीच चार मुलं आमच्या तालुक्यातून रशियाला गेली आहेत. पुढच्या वर्षी आणखी दोन जाण्याच्या तयारीत आहेत. त्यांतल्या एकाच्या वडिलांनी परवा मला विचारलं, जाण्याआधी याला काय शिकवू? त्यांच्या हातात देण्याजोगं, मराठीतून रशियनची कोडी घालणारं काही मला सापडलं नाही. म्हणून सध्या तो मुलगा मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्या पडवीत येतो आणि आम्ही नातीच्या जुन्या वहीतून खेळतो.

आपल्याकडे मागणं एवढंच. शब्दकोड्याच्या शेजारी आठवड्यातून एकदा असं भाषेचं एक कोडं छापावं. रशियनपासून सुरुवात करावी, कारण तिकडे जाणारी मुलं आज तयारीला लागली आहेत. पुढे जर्मन, जपानी, आणि आपल्याच कातकरी, गोंडी, कोरकूचीही कोडी येऊ द्यावीत. ती तर घराजवळची. पहिली दहा रशियन कोडी मी पाठवते. मानधन नको. नात तपासून देईल आणि तिच्या रशियनच्या शिक्षिकेलाही दाखवेल, म्हणजे चूक छापली जाणार नाही. पहिलं कोडं या पत्रातच आहे, ते वापरायला माझी हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड

ता. क. उत्तर: ६३ गोदा, ८१ गोद, ११ ल्येत, १०४ गोदा. शेवटी एक असेल तर गोद. दोन, तीन, चार असतील तर गोदा. बाकी सगळीकडे ल्येत. मात्र अकरा ते चौदा शेवटच्या आकड्याला जुमानत नाहीत, त्यांना नेहमी ल्येतच. त्या आजोबांचे बारा दिवस याच नियमाने 'द्न्येय' झाले होते.