गुन्ह्याला जात चिकटवणे थांबवा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

विषय : पोलिसांच्या कागदपत्रांत आणि प्रसिद्धिपत्रकांत संशयितांच्या जाती-जमातीचा उल्लेख बंद करण्याबाबत

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो. कामे बहुतेक फौजदारी, त्यामुळे आरोपीची कोठडी मागताना पोलीस न्यायालयात देतात ते रिमांड रिपोर्ट रोजच हातात पडतात. त्यातले एक वाक्य मला पाठ झाले आहे : 'सदर आरोपी हा पारधी समाजाचा असून सराईत आहे, त्यास जामिनावर सोडल्यास तो फरार होण्याची दाट शक्यता आहे.' आरोपी बदलतो, गुन्हा रजिस्टर नंबर बदलतो, वाक्य तेच राहते.

गेल्या परीक्षेच्या दिवसांत हेच वाक्य एका बारावीच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये होते. शेजारच्या गावात रात्री घरफोडी झाली आणि पहाटे पालांवरून तिघांना उचलले, त्यात तो. त्याची आई हॉल तिकीट घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होती आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक काळ्या कोटवाल्याला ते दाखवत होती. न्यायाधीशांनी तपास अधिकाऱ्याला विचारले, याच्याकडून काय हस्तगत केले? काही नाही. आधीचे गुन्हे? नाहीत. मग संशय कशावरून? उत्तर आले, "साहेब, पारधी आहेत ना." जामीन मिळाला, पण तोवर पहिला पेपर बुडाला होता.

त्या अधिकाऱ्यावर माझा व्यक्तिशः राग नाही. तो आडदांड माणूस नाही, खोटारडाही नाही. त्याला हे वाक्य तयार मिळालेले आहे. ते कुठून आले, हे आपल्या खात्याने एकदा मोकळेपणाने मान्य करावे, एवढ्यासाठी हे पत्र.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. मुंबई इलाख्याला तो १९११ च्या सुधारणेनंतर लागू झाला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार असल्याचे एकदा गॅझेटात छापले की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. मग पोलिसांपुढची हजेरी आली, गाव सोडायचे तर पास आला, आणि अनेकांच्या नशिबी तारेच्या कुंपणातली वसाहत आली. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. तिथली माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीलाही उभी राहत. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. ज्या पोरांनी चोरी म्हणजे काय हेसुद्धा पाहिले नव्हते, ती जन्मतःच नोंदीत जात होती. रक्तातच गुन्हा असतो अशी ही वंशवादी समजूत होती, आणि तिला कायद्याचे रूप मिळाले होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला आणि पारध्यांसह या जमाती 'विमुक्त' झाल्या. हा दिवस आपल्याकडे विमुक्त दिन म्हणून पाळला जातो आणि राज्यकर्ते शुभेच्छाही देतात. पण कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९ चा. 'जमात' हा शब्द गेला, 'सराईत' आला. कायद्याप्रमाणे सराईत ठरायला त्या व्यक्तीला स्वतःला पुन्हा पुन्हा शिक्षा झालेली असावी लागते. ठाण्याच्या टेबलावर मात्र पारधी, कैकाडी, कंजारभाट एवढे लिहिले की सराईतपण आपोआप सिद्ध होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली हे कायदे रद्द करा असे सांगितले. वांशिक भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये भारताला तेच सुचवले. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने दोन आयोग नेमले. दोघेही आपल्याच राज्याचे. त्यांचे अहवाल येऊनही वर्षे लोटली.

शेवटी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच निकाल दिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधल्या जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याकडे पोलिसांनी लक्ष द्यावे, असेही बजावले. हा निकाल इतका स्पष्ट असताना माझ्या तालुक्यातल्या रिमांड रिपोर्टचा मजकूर तसाच कसा राहतो, याचे उत्तर आपल्याकडूनच यायला हवे.

आता प्रसिद्धिपत्रकांविषयी. स्थानिक गुन्हे शाखेची प्रेस नोट पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो : 'पारधी टोळी जेरबंद'. पतसंस्था बुडवून हजारो ठेवीदारांना रस्त्यावर आणणाऱ्या अध्यक्षाची जात कधी मथळ्यात आलेली मी वाचलेली नाही. येऊही नये. मग इथेच का येते? त्या दिवशी त्या तालुक्यातल्या पारध्याच्या प्रत्येक पोराला शाळेत काय ऐकावे लागते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

'भामटा' या शब्दाचे तर काय सांगावे. विमुक्त जातींच्या सरकारी यादीत भामटा आणि राजपूत भामटा अशा नोंदी आहेत, तहसीलच्या दाखल्यावर तेच छापून येते, आणि पोलिसांच्या पत्रकातून 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले' हे वाक्यही निघते. ज्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर ती नोंद आहे, तिने वर्तमानपत्र कोणत्या डोळ्यांनी वाचायचे?

हा संशय कुठवर जाऊ शकतो, ते आपण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिले. मंगळवेढ्याच्या बाजूने भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. अफवा मोबाइलवरून पसरली हे खरेच. पण अनोळखी भटक्याकडे पाहताच 'टोळी' हा शब्द मनात येतो, तो मोबाइलने शिकवलेला नाही.

आणि याच राज्यात उमाजी नाईकांच्या प्रतिमेला दर ७ सप्टेंबरला हार घातला जातो. रामोशी समाजाच्या या क्रांतिकारकाला इंग्रजांनी १८३२ मध्ये पुण्यात फासावर दिले. त्यांना दरोडेखोर ठरवणारी इंग्रजांची भाषा आपण इतिहासातून पुसून काढली. पोलीस ठाण्यातून ती काढणे त्याहून अवघड आहे, असे मला वाटत नाही.

कारण शब्द बदलण्याची सवय या राज्याला आहे. 'हरिजन' हा शब्द सरकारी कागदांतून गेला आणि कुणाचे काही अडले नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे सुचवली. तेव्हाही, नावाने काय होते, असे म्हणणारे होते. पण पत्ता सांगताना ज्याला मान खाली घालावी लागत होती, त्याला काय झाले ते कळले.

तपासासाठी समाज माहीत असावा लागतो, असे आपले अधिकारी सांगतील. तपासाला लागते गुन्ह्याची पद्धत, बोटांचे ठसे, मोबाइल कॉलच्या नोंदी (सीडीआर), आधीच्या शिक्षांचा तपशील. कुलूप कसे तोडले ते लिहा. ते तोडणाऱ्याच्या आजोबांची जात लिहून पुढचा चोर सापडत नाही, उलट खरा चोर निवांत सुटतो. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात जातीची नोंद लागतेच, ती राहू द्यावी. सवलतींसाठीच्या याद्या आणि दाखल्यांनाही कुणी हात लावू नये. माझी मागणी फक्त संशयिताच्या कपाळावर जात चिकटवण्यापुरती आहे. उत्तर प्रदेशात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ मधल्या निकालानंतर तिथल्या सरकारने काही दिवसांतच पोलिसांच्या कागदपत्रांतून जात काढण्याचा आदेश काढला. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव रोज घेणाऱ्या आपण मागे का राहावे?

महोदय, पोलीस महासंचालकांमार्फत एक परिपत्रक काढावे. रिमांड रिपोर्ट, अटक पंचनामा आणि प्रेस नोट यांत संशयिताची जात-जमात लिहायची नाही, आणि शिक्षा झाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय कुणालाही सराईत म्हणायचे नाही, असे त्यात स्वच्छ म्हणावे. नाशिकच्या पोलीस अकादमीत फौजदार घडतात, तिथल्या शिकवणीत सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल असावा. कायदा बदलायची गरज नाही, खर्चही नाही. येत्या विमुक्त दिनाच्या आत हे सहज होऊ शकते.

आपण वेळ दिलीत तर असे रिमांड रिपोर्ट, आरोपींची नावे झाकून, मी स्वतः मंत्रालयात घेऊन येईन.

आपला,
तालुका न्यायालयातील एक फौजदारी वकील