चि. मुक्तास

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी मी तुझा फोन मध्येच ठेवला, ते योग्य केले नाही. मेंदूतली गाठ काढायला मला जागे ठेवून कवटी उघडणार, हे तू सिलिंडरचा नंबर लागल्याइतक्या सहजपणे सांगितलेस, म्हणून राग आला. नंतर दोन रात्री बसून तू पाठवलेले सगळे कागद वाचले. जन्मभर भूकरमापक म्हणून काम केलेल्या माणसाला निदान नकाशा वाचता येतो.

मेंदूचे सर्जन पेनफिल्ड यांनी तुझ्याच मॉन्ट्रियलमध्ये जाग्या रुग्णाच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून, जिथे बोट हलले किंवा ओठ मुरडला तिथे आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी ठेवली, ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत होतो. आम्हीही हद्दीच्या कोपऱ्यावर दगड पुरून नकाशावर आकडाच टाकत असू. १९३७ साली त्यांनी आणि बोल्ड्री यांनी मेंदूवरचा हालचालीचा जो पट्टा मांडला, त्यात हाताला व चेहऱ्याला अख्ख्या धडापेक्षा जास्त क्षेत्र गेले आहे. (आपल्या वाटणीत अप्पांना गेले, तसेच.) २०२३ साली सेंट लुईसच्या संशोधकांना त्याच पट्ट्यात पाय, हात आणि तोंड यांच्या अधूनमधून तीन तुकडे आढळले, जे कोणत्याही एका अवयवाच्या नावावर नसून सगळ्या अंगाची हालचाल तिच्या बेताशी जोडतात, हे वाचून पुनर्मोजणीत सापडणारी बिननोंदीची वहिवाट आठवली.

माझी गाठ त्या पट्ट्यात नाही. ती डावीकडे, दोन गोलार्धांमधल्या भिंतीवर, पायाच्या क्षेत्राच्या पुढे आहे. १९५१ साली पेनफिल्ड व वेल्च यांनी वर्णन केलेले पूरक प्रेरक (म्हणजे हालचाल घडवणारे) क्षेत्र ते हेच. त्याचेही दोन हिस्से आहेत, मागचा प्रत्यक्ष हालचालीला लागून आणि पुढचा बेत आखण्याकडे झुकलेला, आणि मधली हद्द म्हणून एक उभी रेषा धरतात, जी मेंदूवर कुठेही आखलेली नसते. तिथली गाठ काढल्यावर काही दिवस, कदाचित काही आठवडे, माणसाला बोलायला आणि उजवे अंग हलवायला सुरुवातच करता येत नाही, असे सर्जनांनी सांगितले. बहुतेकांचे परत येते, कारण दुसऱ्या बाजूचे तेच क्षेत्र काम उचलून धरते, असे मानतात. हे सगळे तू तुझ्या आईला आधीच समजावून सांग. नाना अकरा दिवस माजघरात न बोलता पडून होते, ते तिने पाहिले आहे.

गौरींच्या आरतीत माझा उजवा हात आपोआप वर गेला, मान तिकडे वळली, आवाज बंद झाला. अर्धा मिनिट मला सगळे ऐकू येत होते, फक्त शब्द सुरू होत नव्हता. तुझ्या आईला वाटले, मी देवापुढे हात उंचावला आहे. तिने टाळ आणखी जोरात वाजवले. म्हणून म्हणतो, तिला आधी सांग.

तू तिकीट काढू नकोस, प्रबंध महत्त्वाचा आहे. मात्र तुम्ही शेकडो मेंदूंची सरासरी काढून हद्दी ठरवता, तेव्हा एका माणसाची हद्द त्यात कुठे गेली हे पाहत जा. कार्यालयात बसून काढलेल्या रेषेपायी भावाभावांत डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. पुन्हा व्याख्यान झाले, क्षमा कर. तुला हे कुणी शिकवायला नको. सात वर्षांची असताना माझ्याबरोबर शिवारात येऊन, पोटऱ्या चिखलात रुतल्या तरी मी हाक देईपर्यंत तू साखळीचे टोक सोडले नव्हतेस, आणि परत येताना फक्त एवढेच विचारलेस की साखळी तेहतीसच फुटांची का.

शस्त्रक्रिया सोमवारी सकाळी आहे. मी घाबरलेलो नाही, पण तुझी आई घाबरेल. मी बोललो नाही, तरी मला ऐकू येत असेल, असे तिला सांग. तिने उशाशी बसून नेहमीसारखे बोलावे. टाळ मात्र आणू नयेत.

तुझे बाबा