अशोक चौकातल्या ऑफिसातल्या मंडळींचे आभार

यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करण्यात, उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. अशा माणसाला सोलापुरात कर सल्लागाराच्या ऑफिसात टेबल मिळालं आणि तिथं तो टिकला, तो तुमच्यामुळे.

शेजारच्या टेबलावरच्या ताई, वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या. जीएसटीआर-१ साठी, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रासाठी, महिन्याची ११ तारीख; ३बीसाठी, म्हणजे कर भरायच्या विवरणपत्रासाठी, २०. त्या धांदलीतही खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात. २बीमधलं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी यादीतलं, बिल खरेदीवहीशी कसं ताडायचं, पुरवठादारानं विवरणपत्रच भरलं नाही तर आपलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, का अडकतं, सगळं समजावलंत. माउस मात्र माझ्याच हातात ठेवलात. शिकवावं तर असं!

हिशेब तोंडपाठ असलेले मुनीमजी, तुम्ही तरुणांना कधी हिणवलं नाहीत, मलाही नाही.

आणि पोरांनो, टॉवेलवाल्याच्या बिलावर २/२० दिसलं की तुम्ही सगळ्यांदेखत विचारायचात, "काका, हे काय?" वीस नंबरचं दुपदरी सूत, हे सांगताना मागावरची वर्षं कामी आल्यासारखी वाटली. विचारत राहिलात, म्हणून मलाही विचारायला संकोच वाटला नाही.

तुम्हा सर्वांचा मनापासून ऋणी आहे.