मधुमेही रुग्णाची नखे कापताना झालेली जखम व सेवेतील त्रुटीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गृहशुश्रूषा सेवा विभाग, ठाणे

महोदय,

माझ्या आईच्या देखभालीसाठी आपल्या कंपनीमार्फत दिवसपाळीची मदतनीस घेतली आहे. आईला जुना मधुमेह आहे, पक्षाघातामुळे डावी बाजू अधू आहे, तळपायांची संवेदना जवळजवळ गेली आहे आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू आहे. हे सर्व मी नोंदणी अर्जात लिहून दिले होते. त्याची प्रत सोबत जोडली आहे. आपल्या करारात 'हात, पाय व नखांची निगा' ही सेवा वेगळी नमूद केलेली असून तिचा आकार मासिक बिलात धरलेला आहे.

गेल्या आठवड्यात मदतनीस ताईंनी आईचे पाय गरम पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवले, नखे मऊ पडल्यावर उजव्या अंगठ्याचे नख अगदी मांसालगत कापले, त्याचे कोपरे आतपर्यंत कोरले आणि करंगळीवरचे कुरूप दाढीच्या ब्लेडने तासले. आईला काहीच जाणवले नाही, त्यामुळे ती बोललीही नाही. संध्याकाळी मी मोजा काढू लागले तेव्हा तो अंगठ्याला चिकटला होता. पाणी लावून सोडवला, तर नखाच्या कडेला साकळलेले रक्त दिसले आणि गॉज दाबून धरूनही ते पुन्हा पुन्हा झिरपत राहिले. जखमेत जंतुसंसर्ग झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले असून सध्या प्रतिजैविके आणि रोजचे ड्रेसिंग सुरू आहे.

यावर आपल्या पर्यवेक्षकांना फोन केला असता, "एवढ्याशा नखाचं काय घेऊन बसलात, शुगरवाल्यांचं असं होतंच," असे उत्तर मिळाले. ही तक्रार लेखी करण्याचे मुख्य कारण ते उत्तर आहे. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरायला वेळ लागतो आणि ती चिघळली तर बोट किंवा पाय काढण्याची वेळ येऊ शकते. शुगरवाल्यांचे 'असे होते' म्हणूनच नख जपून कापायचे असते, हे शुश्रूषेचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीला ग्राहकाने सांगावे लागू नये.

बधिर पाय पाण्यात भिजत ठेवायचे नसतात. पाणी कोमट आहे ना, हे मदतनीसाने कोपराने पाहायचे असते, कारण रुग्णाला चटका कळत नाही. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या आणि मलम तळव्याला व टाचेला लावायचे, बेचक्यांत नाही. नख सरळ रेषेत कापून कडा कानशीने गुळगुळीत करायच्या. कुरूप, जाड झालेले किंवा आत रुतलेले नख यांना घरी हातच लावायचा नाही, ते डॉक्टरांकडे सोपवायचे. यातली एकही गोष्ट पाळली गेली नाही.

हाताच्या बाबतीतही तेच. आईच्या डाव्या हाताची मूठ आवळलेली असते आणि नखे तळव्यात रुततात. मनगट आधी हलकेच आतल्या बाजूला वाकवले की बोटे सैल पडतात. हे आम्हाला फिजिओथेरपिस्टने शिकवले आहे. मनगट सरळ ठेवूनच ताईंनी बोटे ओढून उघडली, तेव्हा मात्र आई कळवळली.

याहून गंभीर बाब म्हणजे ताईंनी वापरलेला नेलकटर त्यांच्या पर्समधला होता आणि, त्यांच्याच सांगण्यानुसार, त्या तो आधीच्या रुग्णाकडेही वापरत होत्या. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकू शकतो. प्रत्येक रुग्णाचा नेलकटर वेगळा असावा, एवढा साधा नियमही आपल्याकडे नसावा याचे आश्चर्य वाटते.

ताई मनाने चांगल्या आहेत आणि त्यांना कामावरून काढावे अशी माझी मुळीच मागणी नाही. त्यांना स्पंज करणे आणि डायपर बदलणे एवढेच शिकवून पाठवण्यात आले आणि आईच्या अर्जातील माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही, असे त्या सांगतात. तसे असेल तर दोष आपल्या कार्यालयाचा आहे.

तरी डॉक्टर, औषधे व ड्रेसिंग यांचा खर्च सोबतच्या पावत्यांप्रमाणे द्यावा, चालू महिन्याचा सेवा-आकार परत करावा आणि मधुमेही रुग्णांकडे जाणाऱ्या सर्व मदतनीसांना परिचारिकेकडून नखे व पायांच्या निगेचे प्रशिक्षण दिल्याचे लेखी कळवावे. तोपर्यंत आईच्या नखांना कोणीही हात लावू नये, अशी सूचना मी घरी दिली आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: नोंदणी अर्ज व कराराची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, पावत्या, जखमेची छायाचित्रे